जमिनीचे रूप की जमिनीची रीत?

२९ जुलै २०२४ रोजी दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या दाराशी एका नव्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांच्या सहकार्यातून ते साकारले. आराखडा दिल्लीच्या व्हीर म्युलर आर्किटेक्ट्स या संस्थेचा, म्हणजे पंकज वीर गुप्ता आणि क्रिस्टीन म्युलर यांचा. वास्तू सुमारे एक लाख चौरस फुटांची आहे. एवढी मोठी इमारत राजधानीत वर्दळीच्या मथुरा रोडजवळ बांधली जाते तेव्हा ती लांबूनच नजरेत भरावी अशी आपली अपेक्षा असते. इथे तसे होत नाही. दालने जमिनीच्या पातळीखाली आहेत. प्रेक्षक उतारावरून चालत खाली जातो आणि वर झाडे, घुमट आणि आकाश यांना कुठे अडथळा येत नाही. दिल्लीतल्या जुन्या बावल्यांवरून, म्हणजे आपल्याकडे ज्यांना बारव म्हणतात त्या पायऱ्यांच्या विहिरींवरून, ही रचना सुचलेली आहे. भूप्रदेशातून प्रेरणा घेतलेली इमारत असे आज कितीतरी इमारतींबद्दल सहज म्हटले जाते. त्या म्हणण्याचा नेमका अर्थ काय, हे या संग्रहालयाच्या निमित्ताने तपासून पाहता येते. माझे म्हणणे असे, की इमारतीने जमिनीकडून तिची रीत घ्यावी. पाणी कुठून कुठे जाते, ऊन कुठे तापते, माती कोणत्या खोलीवर गारवा धरते, माणूस कोणत्या वाटेने चालतो, हे सारे त्या रीतीत येते. डोंगराची रेषा किंवा पानाचा आकार उचलणे हे याहून सोपे काम आहे आणि त्याचे मोलही त्याच मानाने कमी आहे.

आकार उचलण्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही खरोखर देखणी आहेत. कतारची राजधानी दोहा इथले राष्ट्रीय संग्रहालय मार्च २०१९ मध्ये उघडले. वाळवंटात खनिजांचे स्फटिक एकमेकांत रुतून गुलाबपाकळ्यांसारखे दगड तयार होतात. फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ नुव्हेल यांनी तोच आकार घेऊन ५३९ भव्य तबकड्या एकमेकींत गुंतवल्या. या तबकड्या भिंतींवर सावली धरतात, त्यामुळे त्यांना निव्वळ शोभा म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही पाहणाऱ्याच्या मनात उरतो तो आकारच. याच नुव्हेल यांचे अबू धाबीतले लूव्हर संग्रहालय नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडले होते. तिथे १८० मीटर व्यासाचा आठ थरांचा जाळीदार घुमट आहे. खजुराच्या झावळ्यांतून झिरपावा तसा सूर्यप्रकाश त्यातून तुकड्या-तुकड्यांनी खाली येतो. घुमटाखाली समुद्राचे पाणी आहे, वारा आहे आणि बाहेरच्यापेक्षा सुसह्य अशी सावली आहे. या घुमटाचा आकार निसर्गातल्या कोणत्याही एका वस्तूसारखा नाही. पण मरूद्यानात माणूस ज्या युक्तीने उन्हात तग धरतो ती युक्ती तिथे इमारतीत उतरली आहे. एकाच रचनाकाराच्या या दोन इमारती शेजारी ठेवल्या की रूप घेणे आणि रीत घेणे यांतला फरक कळतो.

यावर पहिली शंका अशी येते, की दिल्लीला भूप्रदेश आहे तरी कुठे? सपाट मैदान, रुंद रस्ते, उड्डाणपूल, धूर. सह्याद्री पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तर दिल्लीची जमीन चेहरा नसलेली वाटते. हा समज चुकीचा आहे. दिल्लीच्या परिसरात जमिनीचे चार प्रकार परंपरेने ओळखले जातात. खडकाळ टेकड्यांचा तो कोही, नदीकाठचा पुराच्या गाळाचा तो खादर, पुराच्या पलीकडचा जुन्या गाळाचा उंच भाग तो बांगर आणि पाणी साचून राहते तो सखल भाग म्हणजे डाबर. कोही म्हणजे अरवलीचा उत्तरेकडचा शेवट. दिल्लीकर त्याला रिज म्हणतात. दक्षिणेला भाटीपासून उत्तरेला यमुनाकाठच्या वजिराबादपर्यंत तो तुटक-तुटक पसरलेला आहे. तिथला क्वार्टझाइट खडक एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टहून कितीतरी जुना आहे. तुघलकाबादच्या किल्ल्याच्या भिंती याच दगडाच्या आहेत. पश्चिमेकडचा हा उंचवटा आणि पूर्वेकडची यमुना यांच्यामधल्या उतारावरच एकामागून एक दिल्ली वसली. टेकडीवरून नदीकडे जाणारे ओढे, त्यांवर बांधलेले बांध आणि तलाव हे या शहराच्या अस्तित्वाचे मूळ होते. आज बरेचसे ओढे गटारे झाले आहेत म्हणून उतार नाहीसा झालेला नाही. जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट शोधतेच, आणि ज्यांनी ती वाट अडवली त्यांच्या घरात शिरते.

या जमिनीवर इमारत बांधायची तर हवामानाची अट आधी मान्य करावी लागते. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. जानेवारीच्या पहाटे तो तीन-चार अंशांवर येतो. वर्षाचा पाऊस साधारण पाऊण मीटर, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. जमिनीच्या पोटात मात्र हा चढउतार विरत जातो. तीन-चार मीटर खाली मातीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते आणि ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीजवळ, दिल्लीत पंचवीस अंशांच्या आसपास असते. संग्रहालयाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. जुना कागद, कापड, लघुचित्रे यांना उष्णतेइतकाच तापमानाचा सततचा बदल मारक असतो. प्रकाशाचेही तसेच. अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सहून अधिक उजेड पडू नये असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे, आणि उन्हाळ्यातल्या भर दुपारी दिल्लीच्या अंगणात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. काचेच्या भिंतींची उंच इमारत बांधून मग ती पडद्यांनी आणि वातानुकूलन यंत्रांनी वाचवत बसायचे, की जमीन जे फुकट देते त्याचा आधी उपयोग करायचा, असा हा सरळ प्रश्न आहे.

बावली हे या प्रश्नाला दिल्लीने फार पूर्वी दिलेले उत्तर आहे. हुमायूनच्या मकबऱ्यासमोर, मथुरा रोडच्या पलीकडे निजामुद्दीन बस्ती आहे. तिथल्या दर्ग्याजवळची बावली १३२१-२२च्या सुमाराची आहे आणि अजूनही झऱ्याचे पाणी धरून आहे. मेहरौलीतली राजों की बावली लोदी काळातली आहे. या वास्तूंची रचना नीट पाहिली तर तिचा प्रत्येक भाग जमिनीच्या एखाद्या गरजेतून आलेला दिसतो. भूजलाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते आणि पावसाळ्यानंतर वर येते, म्हणून पायऱ्या. पाणी कितीही खाली गेले तरी माणूस पोचला पाहिजे आणि कितीही वर आले तरी वास्तू बिघडता कामा नये. खोल आणि अरुंद खाचेत ऊन थोडाच वेळ उतरते, म्हणून खालचे सज्जे आणि खोल्या गार राहतात. प्रवासी, पाणी भरणाऱ्या बाया, विसावा घेणारे वृद्ध या सर्वांसाठी ती सावलीची सार्वजनिक जागा होती. पाण्याची सोय आणि माणसांची बैठक एकाच खाचेत सामावलेली होती.

इथे कोणी म्हणेल, बावली तर माणसाने बांधलेली. मग तिच्यावर बेतलेल्या इमारतीला भूप्रदेशाची प्रेरणा कशी म्हणायची? आक्षेप वरवर बरोबर वाटतो, पण त्यामागे निसर्ग म्हणजे जिथे माणसाचा हात लागलेला नाही ते, अशी समजूत आहे. आपल्याकडे अशी जमीन जवळजवळ नाही. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची अजिंठ्याची लेणी पाहा. तो कडा, ते वळण आणि तो बेसॉल्ट नसता तर ती लेणी त्या रूपात झालीच नसती. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत नेले आहे, कारण खडकच तसा हाताशी होता. ही माणसाचीच कामे आहेत, आणि तरीही डोंगराची रीत समजून घेतल्याशिवाय ती अशक्य होती. बावलीचे तसेच आहे. पिढ्यानुपिढ्यांनी त्या मातीशी, त्या पाण्याशी झटून जे शिकून ठेवले ते तिच्यात साठलेले आहे. आजच्या रचनाकाराने ते शहाणपण डावलून थेट टेकडीची रेषा काढायला बसणे म्हणजे सातशे वर्षांचा अनुभव बाजूला सारणे आहे.

हुमायूनच्या संग्रहालयात हे शहाणपण कसे वापरले गेले ते आता पाहू. पहिली गोष्ट नजरेची. मकबरा १५७०च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या दाराशी तीन मजली इमारत आली असती तर ती कितीही सुंदर असली तरी घुमटाच्या आणि झाडांच्या मध्ये आली असती. जमिनीखाली जाऊन संग्रहालयाने ती जागा मोकळी ठेवली. दुसरी गोष्ट डोळ्यांची. बाहेरच्या लखलखीत उन्हातून एकदम मंद दालनात शिरले की काही वेळ काहीच दिसत नाही. उतारावरून हळूहळू खाली जाताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि वस्तूसमोर पोचेपर्यंत डोळे सरावतात. तिसरी गोष्ट वाटेची. मकबरा, सुंदर नर्सरी हे उद्यान आणि निजामुद्दीन बस्ती हे तीन परिसर एकमेकांना लागून आहेत, पण रस्ते आणि कुंपणे यांनी ते तुटलेले होते. संग्रहालय मकबरा आणि नर्सरी यांना जोडते, त्यामुळे ते पाहायला जाणे आणि परिसरातून फिरणे ही एकच गोष्ट होते. आत हुमायूनचे प्रवास आहेत, सूफी संत निजामुद्दीन औलिया आणि कवी अमीर खुसरो व रहीम यांच्या या परिसराची सात शतके आहेत, हस्तलिखिते आणि नाणी आहेत. ३० मे २०१४ च्या वादळात मकबऱ्यावरून पडलेला सुमारे १८ फुटी कळसही तिथे आहे. आकाशात असताना जो नीट कधी दिसलाच नव्हता तो आता जवळ उभे राहून पाहता येतो.

संग्रहालयाच्या शेजारची सुंदर नर्सरी या युक्तिवादाचा दुसरा पुरावा आहे. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला लावायच्या झाडांची रोपे इथे तयार होत. नंतर बरीच वर्षे ही जागा दुर्लक्षित होती. मोहम्मद शहीर या भूदृश्यरचनाकारांच्या आराखड्यानुसार तिचे सुमारे ९० एकरांचे उद्यान झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मुघल बागेच्या धर्तीचा मधला अक्ष, कारंजी आणि पाण्याचे पाट लोकांच्या लक्षात राहतात. पण अभ्यासू नजरेने पाहावा असा भाग कडेला आहे. कोही, खादर, बांगर आणि डाबर या चारही प्रकारच्या जमिनी तिथे त्यांच्या त्यांच्या झाडाझुडपांसह पुन्हा घडवलेल्या आहेत. ज्या शहरात विदेशी वेड्या बाभळीने, तिथल्या भाषेत विलायती कीकरने, अरवलीची मूळ झाडे हटवली, त्या शहरात मुलांना आपली जमीन मुळात कशी होती हे चालत-चालत कळते. संग्रहालय म्हणजे जतन करून नीट मांडून दाखवणे असेल, तर हा भागही संग्रहालयच आहे, फक्त त्याला छप्पर नाही. खालची दालने आणि वरची बाग एकत्र पाहिली तरच हा प्रकल्प पूर्ण समजतो.

जमिनीची रीत घेणे म्हणजे प्रत्येक वेळी खाली जाणे नव्हे. मकबऱ्यापासून थोड्याच अंतरावर, जुन्या किल्ल्यासमोर भैरों मार्गावर राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. त्याचा आराखडा चार्ल्स कोरिया यांनी १९७५ पासून केला आणि काम १९९०च्या सुमारास पूर्ण झाले. कोरिया मुळचे गोव्याचे, कर्मभूमी मुंबई; नवी मुंबईच्या कल्पनेत आणि पणजीच्या कला अकादमीत त्यांचा हात आहे. दिल्लीत त्यांनी उंची टाळली आणि खोलीही टाळली. कौलारू छपरांची बुटकी दालने आणि त्यांच्यामध्ये एकामागून एक चौक, अशी ती रचना आहे. दिल्लीत हिवाळ्याच्या दुपारी उघड्यावर बसण्याइतके सुख नाही आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी बंद खोलीइतका जाच नाही. दिवसाच्या आणि ऋतूच्या प्रत्येक वेळी माणूस आतून बाहेर आणि बाहेरून आत सरकत असतो. कोरियांनी ही सरकण्याची सवय संग्रहालयाची वाट म्हणून मांडली. मातीचे घोडे, दगडी कोरीवकाम, लाकडी रथ अशा वस्तू मूळ ज्या उघड्या जागेत वावरत होत्या तशाच जागेत तिथे भेटतात, आणि कापडासारख्या नाजूक वस्तू छपराखाली राहतात. याच कोरियांनी भोपाळला बड्या तलावाच्या उतारावर बांधलेले भारत भवन १९८२ मध्ये उघडले. तिथे रस्त्यावरून इमारत दिसत नाही, दिसतात त्या तलावाकडे उतरत जाणाऱ्या गच्च्या आणि त्यांच्या पोटातली दालने. दिल्लीच्या सपाट जागेवर चौक आणि भोपाळच्या उतारावर गच्च्या, असे एकाच रचनाकाराने जमीन पाहून उत्तर बदलले.

याच्या तुलनेत जनपथवरचे राष्ट्रीय संग्रहालय आठवावे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे गणेश भिकाजी देवळालीकर यांनी त्याचा आराखडा केला. सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच. १९५५ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९६० मध्ये इमारत खुली झाली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपला वारसा भारदस्त घरात ठेवायचा होता आणि इंग्रज वास्तुरचनाकार ल्युटेन्स यांनी आखलेल्या राजधानीशी जुळते घ्यायचे होते. त्या काळाची ती गरज होती आणि मधला गोल चौक ठेवून देवळालीकरांनी हवा आणि उजेड यांचाही विचार केला. पण ही इमारत जनपथऐवजी दुसऱ्या एखाद्या राजधानीतल्या राजमार्गावर असती तरी तिच्यात फारसे काही बदलावे लागले नसते. हुमायूनचे संग्रहालय किंवा हस्तकला संग्रहालय असे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. इमारतीने जमिनीची रीत घेतली आहे की नाही, याची ही साधी आणि पुरेशी कसोटी आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, पाण्याचा. २८ जून २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर २२८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे वर्षाच्या पावसाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पाऊस एका दिवसात. २७ जुलैला जुन्या राजेंद्र नगरमध्ये एका इमारतीच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. हुमायूनच्या संग्रहालयाचे उद्घाटन त्यानंतर दोनच दिवसांनी झाले. त्याआधीच्या वर्षी, १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटर या विक्रमी उंचीवर गेली होती आणि पाणी लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आले होते. पॅरिसच्या लूव्हरलाही सेन नदीच्या पुराचा धोका इतका जाणवला, की त्याने तळघरांतला साठा २०१९ पासून दूर लिएव्हँ इथल्या नव्या केंद्रात हलवायला घेतला. अशा काळात जमिनीखाली संग्रहालय बांधणे हा अविचार नव्हे का, असे विचारणाऱ्याला घाबरट म्हणून उडवून लावता येणार नाही. दमट हवेचा प्रश्नही खरा आहे, कारण पावसाळी वारा गार भिंतीला लागला की भिंत घामेजते आणि बुरशीला निमंत्रण मिळते.

या आक्षेपाचे उत्तर माझ्या मुख्य म्हणण्यातच आहे. तळघर आणि बावली यांच्यात खोलीपेक्षा वृत्तीचा फरक आहे. तळघर जागा वाढवण्यासाठी खणतात आणि पाणी येणारच नाही असे गृहीत धरतात. बावली पाणी येणारच हे धरून बांधलेली असते. म्हणून जमिनीखाली जाणाऱ्या संग्रहालयाची पहिली रेषा पाण्याची असली पाहिजे. उताराच्या तोंडाशी उंचवटा, भोवती पाणी मुरवणारी उघडी माती, भिंतींच्या मागे निचऱ्याची वाट, वीज गेली तरी चालणारे पंप, आर्द्रता ओढून घेणारी यंत्रे आणि ज्यांची जागा दुसरी कोणतीही वस्तू घेऊ शकत नाही अशा गोष्टींसाठी वरची सुरक्षित कोठी, हे सारे आराखड्यात आधी आले पाहिजे. पुढे ते दर पावसाळ्यापूर्वी तपासलेही गेले पाहिजे. शिवाय दुसरी गोष्ट. हुमायूनच्या संग्रहालयाचे यश पाहून उद्या कोणी यमुनेच्या खादरात तसेच खोलगट संग्रहालय बांधायला निघाला, तर तो निव्वळ रूपाची नक्कल करील. खादरात पूर येणे ही जमिनीची रीतच आहे. तिथे बांधायचेच झाले तर खांबांवर उचलून आणि हलके बांधावे लागेल, आणि बहुतेक वेळा न बांधणे हेच उत्तर असेल. जमिनीचे ऐकणाऱ्याला कधीकधी नकारही ऐकावा लागतो.

दुसरा आक्षेप लोकांना खेचण्याचा आहे. स्पेनमधल्या बिलबाओ शहरात १९९७ साली फ्रँक गेरी यांनी बांधलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाने एका मरगळलेल्या औद्योगिक शहराकडे जगाचे लक्ष वेधले. तेव्हापासून प्रत्येक महापालिकेला छायाचित्रात उठून दिसणारी इमारत हवी असते. संग्रहालय दिसलेच नाही तर लोक येतील कसे? हुमायूनच्या बाबतीत उत्तर सोपे आहे, कारण तिथे पाहण्यासारखी इमारत साडेचारशे वर्षे उभीच आहे. पण जिथे असा मकबरा नाही तिथेही ठळकपणासाठी जमिनीशी फारकत घ्यावी लागत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ भुजच्या भुजियो डुंगरावर राजीव कठपालिया यांच्या आराखड्यानुसार स्मृतिवन आणि संग्रहालय झाले आणि ते ऑगस्ट २०२२ मध्ये खुले झाले. तिथे टेकडीवरचे पाणी अडवणारे छोटे बंधारे बांधले आणि मृतांची नावे त्याच जलाशयांपाशी कोरली. कोरड्या कच्छात पाणी साठवणे आणि माणसांची आठवण जपणे ही दोन कामे एकाच बांधकामाने केली. मोठा आकार न घेताही हे ठिकाण जगभर वाखाणले गेले. लोक इमारतीच्या बाह्यरेषेसाठी एकदा येतात. पुन्हा यायचे तर तिथे बसायला सावली, चालायला वाट आणि मुलांना मोकळीक लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि हौसेचा. अशा रचना मोठ्या विश्वस्त संस्थांच्या पाठबळावरच होतात, सामान्य जिल्हा संग्रहालयाला काचेची आणि काँक्रीटची पेटीच परवडते, असे म्हटले जाते. खणणे महाग असते हे खरे. पण जमिनीची रीत ओळखणे महाग नसते. हस्तकला संग्रहालयातले चौक आणि कौले ही महागडी तंत्रे नव्हेत. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या शहरात पश्चिमेला काच लावून आयुष्यभर विजेचे बिल भरण्यापेक्षा जाड भिंत, खोल ओसरी आणि झाडांची रांग स्वस्त पडते. गुरुग्राममध्ये खाणींनी ओरबाडलेल्या अरवलीच्या शेकडो एकर जमिनीवर २०१० नंतर नागरिकांनी पुढाकार घेऊन धव, सालई, पळस अशी स्थानिक झाडे परत आणली आणि अरवली जैवविविधता उद्यान उभे केले. त्यामागे कोणा जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराचे नाव नव्हते. होता तो त्या खडकावर मुळात काय उगवत असे याचा अभ्यास.

या सगळ्याचे महत्त्व दिल्लीने एकदा फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. ५ जून १९७८ या पर्यावरण दिनी सुरू झालेले राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालय मंडी हाउसजवळ फिक्की या संघटनेच्या बहुमजली इमारतीत होते. देशाला निसर्ग समजावून सांगणाऱ्या संस्थेला जमिनीचा, झाडाचा, पाण्याचा स्पर्श नसलेल्या कार्यालयी मजल्यांवर राहावे लागले. २६ एप्रिल २०१६ च्या आगीत तो संग्रह भस्मसात झाला. मुलांच्या दोन पिढ्यांनी तिथे प्रथम पाहिलेले प्राणी आणि पक्षी गेले. निसर्गाचे संग्रहालय कुठे आणि कसे असावे हा प्रश्न त्या आगीने कायमचा ऐरणीवर आणला आहे. त्याचे उत्तर अरवलीच्या शिखरासारखे दिसणाऱ्या छपराने मिळणार नाही.

म्हणून एक व्यवहारी सूचना. दिल्लीत काय किंवा महाराष्ट्रात काय, सार्वजनिक पैशातून नवे संग्रहालय बांधायचे ठरले की पहिली मागणी आकर्षक चित्राची होते आणि स्पर्धेचा निकालही चित्रावरच लागतो. त्याऐवजी जागा ठरल्यावर एक पूर्ण वर्ष तिची नोंद ठेवावी. पावसाळ्यात पाणी कुठे थांबते आणि कुठे वाहते, मेमध्ये सावली कुठे पडते, माती आणि खडक किती खोलीवर कसे आहेत, कोणती झाडे आहेत, आजूबाजूचे लोक कोणत्या पायवाटा वापरतात, जवळ काय आहे जे झाकले जाता कामा नये, हे सारे त्या नोंदीत यावे. ती प्रत्येक रचनाकाराच्या हाती द्यावी आणि तुमच्या आराखड्याने यातल्या कशाला उत्तर दिले, एवढेच विचारावे. वाचकांनीही आपल्या गावात होणाऱ्या नव्या संग्रहालयाबद्दल, स्मारकाबद्दल, नाट्यगृहाबद्दल हाच प्रश्न विचारावा. इमारत कशासारखी दिसते हे विचारणारे पुष्कळ असतात. ती या जमिनीवर कशी वागणार आहे, हे विचारणारे नागरिक वाढले, तर रचनाकारांनाही त्याचे उत्तर द्यावेच लागेल.